नंबर एक मशीनची घरघर

१ एप्रिल, सोमवार. सकाळी ७.

हिशेबाची जुनी वही सापडली. मागची चाळीस पानं कोरी. वाया कशाला घालवायची, म्हणून आजपासून रोजनिशी. संकल्प तीन. रोज लिहायचं. कुणाविषयी वाईट लिहायचं नाही. वन्संविषयी लिहायची वेळ आलीच तर एका ओळीत आटपायचं.

काल एक काम तडीस नेलं. थिएटरच्या मागे आमच्या दोन खोल्या आणि वर यांची सिनेमा दाखवायची केबिन. केबिनमधल्या नंबर एक मशीनच्या पोटाशी साउंडचा डबा आहे. त्याचं झाकण गेले सहा महिने खडखडत होतं. यांना तीनदा सांगितलं, काही उत्तर नाही. शेवटी मीच दोन स्क्रू फिरवून ते काढून आणलं. राखेनं घासल्यावर चांदीसारखं निघालं. दुधाच्या पातेल्यावर तर असं बसतं, जसं मापानंच घडवलंय. तीस वर्षांत त्या मशीनकडून घराला झालेला हा पहिला फायदा.

हे म्हणाले, असू दे, रीळ भरायला बरं पडतं. म्हणजे मनातून खूश.

२ एप्रिल, मंगळवार.

केबिनमध्ये नंबर एकच्या समोर फळी आणि फळीवर देवाची तसबीर आहे. लग्न झालं त्या वर्षी मीच लावली. पण तिथे फिल्म, काडी ओढायला सक्त मनाई. त्यामुळे तीस वर्षं देव बिनदिव्याचा. शो चालू असला की केबिनमध्ये डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नाही. मनाला लागून राहिलं होतं. आज लाल झीरोचा बल्ब आणून लावला. वायर घरचीच, जुन्या इस्त्रीची. तेल नको, वात नको, काजळी नाही. उजेड देवाच्या पायांवर पडतो आणि तिथून सरळ मशीनच्या उघड्या डब्यात. आत काचेचा एक बारीक डोळा आहे, तो चमकतो. मशीनलाही दर्शन.

वाटलं होतं हे रागावतील. उलट म्हणाले, बल्ब राहू दे, शोभर राहू दे, आणि तू पण येऊन बसत जा. तीस वर्षांत पहिल्यांदा बोलावलं. देवाची गोडी अशीच उशिरा लागते.

४ एप्रिल, गुरुवार. दुपारी १.

मालक अंगणात आले होते. पब्लिकची तक्रार आहे म्हणे. सिनेमात घरघर येते. वीस मिनिटं येते, वीस मिनिटं जाते, पुन्हा येते. नायिका रडायला लागली की मागे पिठाची गिरणी चालल्यासारखं वाटतं. म्हणाले, तीस तारखेला मेकॅनिक बोलावलाय, तोवर आवाज साफ झाला तर ठीक, नाहीतर मशीन आणि माणूस, दोन्ही बदलून टाकू.

हे मालकांकडे पाठ करून रिळाचे डबे पुसत बसले होते. वळून बघितलंसुद्धा नाही. मालक थोडा वेळ उभे राहिले आणि गेले.

पाण्याचा पंप चालू होता. पंपापुढे कोणाला काय ऐकू येणार.

ठरवलं, यांना काही सांगायचं नाही. उगाच जिवाला घोर. घरघर मीच शोधून काढणार आणि तीस तारखेच्या आत निकालात काढणार. मॅट्रिकला सायन्सला अठ्ठावन्न मार्क होते.

५ एप्रिल, शुक्रवार. संध्याकाळी ६.

आवाजाचा जमाखर्च उघडला. डावीकडे आलेला आवाज, उजवीकडे गेलेला. हिशेब मांडला की कुठलीही गोष्ट वठणीवर येते.

तीनचा शो केबिनमध्ये बसून ऐकला. मशिनं दोन. एका रिळाला वीस मिनिटं. नंबर एकवरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या कोपऱ्यात ठिपका येतो, तो बघून हे नंबर दोन चालू करतात, मग पुन्हा एक. घरघर नंबर एकवरच येते. नंबर दोन शहाण्यासारखं बोलतं. म्हणजे दोष नंबर एकचा. पहिल्याच दिवशी निम्मं काम झालं.

केबिनमधला छोटा स्पीकर हे पूर्ण मोठा करून ठेवतात. माझे कान किटले. विजेची नासाडी म्हणून मी कमी केला. यांनी लगेच मोठा केला नाही, बराच वेळ लक्षातच आलं नाही. कामात इतके गढलेले असतात.

एक गोष्ट लिहू की नको. लाल उजेडात मी काही बोलले की हे माझ्या तोंडाकडे टक लावून बघतात. या वयात. मी पदर सारखा केला.

शिल्लक: घरघर एक. खडखड शून्य.

७ एप्रिल, रविवार.

वन्सं आल्या होत्या, फुकट सिनेमा बघून गेल्या आणि जाताना म्हणाल्या, वहिनी, दादाला कमी ऐकू येतं का गं, मी जिन्यावरून चार हाका मारल्या.

एक ओळ झाली. तरी लिहिते, जिन्यात वारा घोंघावतो.

९ एप्रिल, मंगळवार. सकाळी ११.

विचार केला, घरघर म्हणजे घर्षण. घर्षणावर उपाय तेल. मॅट्रिकच्या सायन्सचा धडा तिसरा. हे जेवून पडले होते. मी वर जाऊन नंबर एकच्या जितक्या चाकांना बोट लागेल तितक्यांना तेल दिलं. तळणीचं उरलेलं, दोनदा गाळून घेतलेलं. फेकून देण्यापेक्षा बरं.

संध्याकाळी ७. तेल उडालं. रिळावर उडालं, काचेवर उडालं. पडद्यावर नायकाच्या कपाळावर डाग आला आणि तो नायिकेच्या कपाळावरही गेला. आवाज तर असा, जसा कुणी तोंडात घास घेऊन बोलतंय. हे बिचारे दीड तास चिंधीनं पुसत होते. म्हणाले, तेल कुणी घातलं, आणि केबिनमध्ये कांद्याचा वास कसा. मी म्हटलं, थिएटर आहे, काय काय लोक येतात.

घरघर आहे तशीच. पण मशीन आता गंजणार नाही. हे जमेला धरायला हवं.

१२ एप्रिल, शुक्रवार.

यांना सहज विचारल्यासारखं विचारलं, हा आवाज निघतो तरी कुठून. खुलून सांगायला लागले. फिल्मच्या कडेला केसासारखी नागमोडी पट्टी असते, तोच आवाज. डब्यात छोटा दिवा असतो. त्याचा उजेड पट्टीतून जातो आणि समोरच्या काचेच्या डोळ्यावर पडतो. उजेड जसा कमीजास्त होईल तसा डोळा स्पीकरला सांगतो आणि स्पीकर बोलतो.

उजेडातून आवाज. माझी थट्टा करायची यांची जुनी खोड आहे. तरी खात्री असावी म्हणून ट्रंकेतून सायन्सचं पुस्तक काढलं. प्रकाश, धडा सातवा. ध्वनी, धडा नववा. मधे चुंबकत्व. दोघांची कुठेही गाठ पडत नाही. प्रकाशाचा मुद्दा निकालात काढला.

बोलताना बल्बखाली उभे होते आणि मलाही उजेडात ओढून उभं केलं. मोठ्या प्रेमानं.

१५ एप्रिल, सोमवार. उपास.

वायरमनच्या बायकोला नळावर गाठलं. ती म्हणाली, आमचे हे म्हणतात, घरघर म्हणजे अर्थिंग. तारेचं टोक जमिनीत पुरलेलं असतं, ती जागा उन्हानं कोरडी पडली की वीज भटकते. मला पटलं. माणसाचंही तसंच आहे.

थिएटरमागचा अर्थिंगचा खड्डा शोधला. धुण्याचं पाणी वाया जातंच, ते तिथे ओतायचं. रोज सकाळी दोन बादल्या. ओतताना जप. हे खिडकीतून बघत होते. मी म्हटलं, फुलझाड लावतेय. हे म्हणाले, हो, हो, भात लाव, भूक लागलीय. नळ जोरात सोडला होता.

१८ एप्रिल, गुरुवार. संध्याकाळी ६.

गेली.

तीनचा शो. पहिलं रीळ नंबर एकवर लागलं आणि घरघर नाही. दुसऱ्या फेरीला नाही. तिसऱ्याला नाही. नायिका रडली, नाकानं सूं केलेलं सुद्धा ऐकू आलं. आठ बादल्यांचं पाणी कामी आलं. मॅट्रिक काय उगाच झाले होते. उजवीकडच्या रकान्यात लिहिलं: घरघर, गेली.

फक्त एक अपशकुन. देवाजवळचा झीरोचा बल्ब सकाळीच उडाला होता. देव अंधारात आणि तरी त्यानं काम केलं. माझं मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. हेही शोभर कावरेबावरे, दोनदा म्हणाले, बल्ब आण बाई आजच्या आज. त्यांनाही देवाचा अंधार बघवेना. मी काहीतरी सांगत होते, त्याचंसुद्धा उत्तर दिलं नाही, इतकं मन लागलं होतं तिकडे.

कृतज्ञता म्हणून झीरोऐवजी पंधराचा बल्ब लावला. इथे काटकसर करायची नाही.

२० एप्रिल, शनिवार.

आली. पहिल्यापेक्षा मोठी.

विचार करकरून डोकं शिणलं. काल सकाळी एकच बादली ओतली होती, गुडघा दुखत होता म्हणून. तेच नडलं. शिवाय परवा वन्सं दारात उभ्या राहून म्हणाल्या, आज सिनेमाचा आवाज कसा छान येतोय. दृष्ट. एक ओळ.

उद्यापासून चार बादल्या.

२३ एप्रिल, मंगळवार. दुपारी १२.

खड्ड्याभोवती चिखल. दरवान घसरला, कंबर धरून बसलाय. घरघर जशीच्या तशी.

आज जप करताना डोक्यात लख्ख प्रकाश पडला. देव नंबर एकच्या समोर आहे, नंबर दोनच्या नाही. दोन भावांतल्या एकालाच जवळ घेतलं तर दुसरा कुरकुरतो, इथे ज्याला घेतलं तो कुरकुरतोय, पण मुळात भेदभाव वाईटच. नंबर दोनसमोर दुसरी फळी ठोकली. घरातला लहान देव तिथे नेला. त्यालाही पंधराचा बल्ब. नंबर दोनच्या डब्याचंही झाकण काढलं, दर्शनात अडथळा नको. ते दह्याच्या भांड्यावर बसतं. भाऊभाऊच ते.

यांनी वर बघितलं, दुसरा बल्ब बघितला आणि हसले. आता इकडूनही दिसेल म्हणाले. देवच ना, दुसरं काय.

२६ एप्रिल, शुक्रवार. संध्याकाळी ६.

मोठी सुधारणा. आता घरघर दोन्ही मशिनांवर येते.

आधी वीस मिनिटं यायची, वीस मिनिटं जायची, म्हणून पब्लिकला कळायचं. आता सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकसारखी. फरकच नाही तर तक्रार कशाची करणार. पंख्याचा आवाज जसा थोड्या वेळानं ऐकू येईनासा होतो, तसं होईल.

जमाखर्चात दोन्ही रकाने सारखे आले. पहिल्यांदाच.

रात्र पडायच्या आत लिहून ठेवते. मध्यंतरात सतरा माणसं उठून गेली. उकडतही होतं म्हणा.

२८ एप्रिल, रविवार.

काही सुचत नाही.

सकाळी पडद्यामागच्या स्पीकरच्या तोंडात गोधडी कोंबून पाहिली. घरघर गेली नाही, बोलणं गेलं. काढली. गोधडीला कोळिष्टकं. दुपारी रिळाच्या कडा कोरड्या फडक्यानं पुसल्या. काही नाही. पुस्तक पुन्हा चाळलं. घरघर हा शब्द सबंध पुस्तकात नाही.

मालक बाहेरून जाताना म्हणाले, वहिनी, मंगळवार लक्षात आहे ना. मी म्हटलं, आहे. हे शेजारीच उभे होते. मालक गेल्यावर मला विचारलं, मालक काय म्हणाले. मी म्हटलं, पंचांग विचारत होते.

तीस वर्षं या दोन खोल्या. ओटा मी स्वतः बांधून घेतला. चाळीशीतल्या माणसाला दुसरं मशीन मिळतं. साठीतल्याला कोण विचारतं. यांना दुसरं काही येत नाही. रस्त्यानं चालताना मागून गाडी आली तरी बाजूला होत नाहीत. इतका स्वभाव शांत.

शेवटचा उपाय. दोन्हीकडे चाळीसचे बल्ब. आणि दोन दिवस मौन, म्हणजे जपात खंड नको.

२९ एप्रिल, सोमवार.

मौन. यांना काही फरक जाणवला नाही.

घरघरीनं आता केबिनच्या खिडकीची काच थरथरते. यांनी काचेला कागदाची पाचर मारली.

३० एप्रिल, मंगळवार. दुपारी २.

मेकॅनिक सकाळी दहाला आला. चष्मेवाला, मुलाच्या वयाचा, पेटी हातात, पायताण बाहेर काढून आत आला. संस्कारी. मालक त्याच्या मागोमाग. हे रिळं गुंडाळायच्या टेबलाशी, भिंतीकडे तोंड करून.

मेकॅनिकनं नंबर एकचा फक्त साउंड चालू केला. फिल्म नाही, चाकं बंद. तरी घरघर. त्यानं खिशातून सिनेमाचं जुनं तिकीट काढलं आणि डब्यातल्या काचेच्या डोळ्यापुढे धरलं. घरघर गेली. तिकीट काढलं, आली. धरलं, गेली. काढलं, आली. मी मोजत होते. चार वेळा.

मग तो वळला आणि उजेड कुठून येतोय ते बघितलं. देवाला हात जोडले. आणि बल्बची पिन काढली.

गेली.

नंबर दोनकडे गेला. हात जोडले. पिन काढली. गेली.

म्हणाला, मावशी, देवाचा यात काही दोष नाही. बल्बचा उजेड सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतो. आपल्या डोळ्यांना कळत नाही, याच्या डोळ्याला कळतं, तेच तो स्पीकरला सांगत बसतो. झाकण असतं तर हजाराचा बल्ब लावला असता तरी बिघडलं नसतं. झाकणं कुठे आहेत.

मी खाली गेले. एक दुधावरचं आणलं, एक दह्यावरचं. साय पदरानं पुसून दिली.

म्हणजे हे खरं सांगत होते. उजेडातून आवाज. सातव्या आणि नवव्या धड्याची गाठ मीच घालून दिली होती, महिनाभर.

मेकॅनिक मालकांना म्हणाला, मशीन ठणठणीत आहे, अजून दहा वर्षं बघायला नको. मी देवाकडे बघितलं. अंधारातसुद्धा बरा दिसत होता.

मग मालकांनी यांना मागून विचारलं, काय हो, महिनाभर एवढी घरघर, तुम्ही एकदाही बोलला नाहीत ते. हे रीळ गुंडाळत होते. मालकांनी पुन्हा विचारलं. मोठ्यानं. हे रीळ गुंडाळत होते. मेकॅनिकनं चष्मा काढून पुसायला घेतला.

मालकांनी यांच्या खांद्याला हात लावला. हे वळले आणि मालकांच्या तोंडाकडे बघायला लागले. टक लावून. माझ्याकडे बघतात तसंच. मालकांनी तिसऱ्यांदा विचारलं, सावकाश. हे माझ्याकडे वळले. मग मला विचारलं, घरघर होती?

मालकांनी खांद्यावरचा हात काढून घेतला. रागावले असते तर बरं झालं असतं.

मेकॅनिक अवजारं पेटीत टाकत होता. त्यांचा आवाज फार होत होता.

१ मे, बुधवार. संध्याकाळी ५.

मालक सकाळी खाली येऊन गेले. चहा घेतला नाही. मशीन राहणार. पंधरा तारखेला नवा ऑपरेटर येणार. म्हणाले, वहिनी, खोल्यांना मी हात लावत नाही. यांना गेटवर घेतो, तिकीट फाडायला. तिथे ऐकण्यासारखं काही नसतं. पण तुम्हीच सांगा त्यांना, मला धीर होत नाही.

दिवसभर सांगणार होते. जेवताना समोर बसले होते, घास हातात, माझ्या तोंडाकडे बघत. त्या तोंडानं सांगवेना. म्हटलं, तीनच्या शोला केबिनमध्ये सांगू. आता अंधार आहे, बरं पडेल.

आवाज काय साफ होता आज. नायकाच्या चपलांचा, बांगड्यांचा, लांब कुठेतरी कुत्र्याचा. पब्लिक गप्प बसून ऐकत होतं. झाकणं दोन्ही जागच्या जागी. देव अंधारात. हे मशीनला टेकून पडद्याच्या कोपऱ्यातल्या ठिपक्याची वाट बघत उभे होते.

मी त्यांच्या दंडाला हात लावला आणि सगळं सांगितलं. गेटचं, पंधरा तारखेचं, नव्या माणसाचं. झाकण मी काढलं, तेल मी घातलं, तेही सांगून टाकलं. कांद्याचा वास कशाचा तेसुद्धा. एका दमात. जड काही सांगायचं असलं की मी भरभर बोलते.

सांगून झाल्यावर हे पडद्याकडेच बघत राहिले. वाटलं, मनाला लागलं. ठिपका आला. यांनी नंबर दोन चालू केलं, अगदी वेळेवर. मग माझा हात थोपटला आणि म्हणाले, बल्ब लाव ना. तू काय म्हणतेस ते दिसत नाही.

पंप बंद होता. नळ बंद होता. वारा पडला होता. घरघर नव्हती.